मामाची पन्नाशी, मैलांमध्ये!

हॉल नाही, बुफे नाही, डीजे तर नाहीच नाही. सायकलवाली मंडळी पन्नाशी साजरी करतात ती थेट रस्त्यावर, तेही पहाटे साडेपाचला. एका आळशी भाचीचा आँखो देखा हाल.

पन्नासाव्या वाढदिवसाचा आपल्याकडे एक ठरलेला फॉर्म्युला आहे. एसी हॉल. फुग्यांची कमान. मागे उत्सवमूर्तींचा लग्नातला फोटो असलेला फ्लेक्स. प्रोजेक्टरवर लहानपणापासूनचे फोटो, त्यात एक तरी झबल्यातला. मग कुणीतरी काका कॅराओकेचा माइक हातात घेतात आणि तो परत देत नाहीत. पनीर, पुलाव, गरम गुलाबजाम, शेजारी थंड आइस्क्रीम. गेल्या तीन-चार वर्षांत मी अशा सात-आठ पन्नाशा अटेंड केल्यात, आणि खरं सांगू? गुलाबजाम सोडला तर त्यातली एकही वेगळी आठवत नाही.

त्यामुळे २०२४ च्या नोव्हेंबरात फॅमिली ग्रुपवर मामाचा मेसेज पडला तेव्हा आधी वाटलं, दुसऱ्या ग्रुपवरचा चुकून इथे आला. 'रविवार, ८ डिसेंबर. पहाटे ५.३०, अलका टॉकीज चौक. ज्यांना यायचंय त्यांनी सायकल, हेल्मेट आणि पुढचा-मागचा दिवा घेऊन यावं. नाश्ता माझ्याकडून.' खाली मामीचा अंगठा. आणि त्याच्या खाली आजीचा व्हॉइस मेसेज, कारण तिला टाइप करायचा कंटाळा येतो. "पन्नाशीची शांत असते, राइड नसते. अकराला गुरुजी सांगितलेत."

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी: आपल्याकडे वयाच्या पन्नाशीपासून दर पाच वर्षांनी एकेक शांत सांगितलेली आहे. पन्नासाव्याला वैष्णवी, पंचावन्नाव्याला वारुणी, साठीला उग्ररथ, असं करत करत सहस्रचंद्रदर्शनापर्यंत. थोडक्यात, पन्नाशी हा सेलिब्रेशनपेक्षा सर्व्हिसिंगचा मामला. गाडीचं पन्नास हजार किलोमीटरचं असतं ना, तसं.

मामा म्हणाला, शांतही करू, राइडही करू. साडेपाचला निघायचं, अकराच्या आत घरी. आजीनं यात एकच कलम वाढवलं. "त्याच्याबरोबर घरचं कुणीतरी जाईल." आता घरचं कुणीतरी म्हणजे कोण? मामीकडे गुरुजींनी दिलेली सामानाची यादी. मामेभाऊ बंगलोरला. उरले मी. वय २७, हिंजवडीतल्या एका कंपनीत टेस्टिंग, दिवसाला नऊ तास खुर्ची आणि दोन-अडीच तास कंपनीची बस. शेवटची सायकल चालवली ती दहावीच्या क्लासला जाताना.

आजी उगाच हट्टाला पेटलेली नव्हती. आमच्या घरात पन्नास हा आकडा फारसा लाडका नाही. माझे आजोबा, म्हणजे मामाचे आणि आईचे बाबा, पन्नासाव्या वर्षीच गेले. हार्ट अटॅक. १९९१ साली. मी त्यांना फोटोतच पाहिलंय.

किलोमीटर की मैल?

सायकलवाल्यांच्या जगात वाढदिवसाची एक साधी रीत आहे. आपल्याकडेच नाही, अमेरिका-इंग्लंडातसुद्धा. जितकं वय तितकं अंतर. तिशीला तीस, चाळिशीला चाळीस. बाकी सगळीकडे वय वाढलं की लोक तुम्हाला बसायला खुर्ची देतात. इथे एक किलोमीटर जास्त देतात.

भांडण होतं ते एककावरून. मामाच्या ग्रुपमध्ये पंधराएक जण आहेत. बँकवाले, एक डेंटिस्ट, एक शाळेतल्या ताई, एक रिटायर्ड फौजी काका आणि एक प्लंबर दादा, जो कामावरसुद्धा सायकलनंच जातो आणि चढावर सगळ्यांना मागे टाकतो. ही सगळी मंडळी राइडच्या आधीच्या रविवारी चहाच्या टपरीवर जमली होती. मला 'ओळख व्हावी म्हणून' नेलं होतं. ओळख राहिली बाजूला, एकदम राडाच चालू!

"देशानं १९५६ साली कायदा करून मेट्रिक पद्धत घेतली," फौजी काका म्हणाले. "मैल कसले मोजताय?"

डेंटिस्टचं म्हणणं, पन्नास किलोमीटर म्हणजे खडकवासल्यावरून डोणज्याच्या जरा पुढे जाऊन परत. ते तर आपण कुठल्याही रविवारी करतो. मग त्यात वाढदिवस कुठे आला? मैल धरले तर पन्नासाचे होतात ८०.४७ किलोमीटर. म्हणजे पुण्याहून पानशेत आणि परत. याला म्हणतात पन्नाशी! ताईंनी तिसरा मुद्दा काढला. "आत्ता मैल घ्या, आणि सत्तरी आली की गुपचूप किलोमीटरवर या. तिकडे परदेशात सगळे तेच करतात."

मामा चहाच्या ग्लासात बघत म्हणाला, "मैल."

घरी ही बातमी मीच दिली आणि चुकले. कारण किलोमीटर की मैल याच्याशी आजीला देणंघेणं नव्हतं, पण 'पानशेत' हा शब्द तिच्यापुढे काढायचा नसतो. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि पाणी पुण्याच्या पेठांमध्ये शिरलं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. नारायण पेठेतल्या त्यांच्या बिऱ्हाडात नंतर भांडीसुद्धा उरली नव्हती. "आता काय पानशेतलाच जायचंय का त्याला?" एवढंच म्हणाली आणि देवघरात गेली.

ज्याची त्याची पन्नाशी

त्या टपरीवर मी दीड तास बसले आणि घरी येताना लक्षात आलं, की एवढा वेळ मोबाइल बाहेरच काढला नाही. या लोकांच्या पन्नाशा ऐकण्यासारख्या आहेत.

डेंटिस्टसाहेबांची पन्नाशी नेमकी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आली. बाहेर पडायची सोय नाही. मग बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारल्या. एक फेरी १५० मीटरची, म्हणजे पन्नास किलोमीटरला ३३४ फेऱ्या. वॉचमन वहीत रेघा ओढत होता. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी सोसायटीकडे तक्रार केली, की याला बघून चक्कर येते.

एका बँकवाल्यानं ठरवलं, पन्नासाव्या वर्षात पन्नास वेळा सिंहगड चढायचा. पायथ्यापासून नऊ-एक किलोमीटरचा घाटरस्ता, सपाटीचं नाव नाही. वर्षात रविवार बावन्न. म्हणजे सुट्ट्या फक्त दोन! सप्टेंबरात डेंग्यू झाला आणि तीन रविवार गेले, तेव्हा एका रविवारी त्यानं दोनदा चढून हिशोब मिटवला. हा माणूस बँकेत ऑडिट बघतो हे वेगळं सांगायला नको.

फौजी काकांची पन्नाशी ब्रेव्हेची. ब्रेव्हे म्हणजे रेस नाही. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायचं, पहिला-दुसरा नंबर कुणाचाच नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. एका सीझनमध्ये ही चारही केली की तुम्ही 'सुपर रँडोनर'. या सगळ्याचं पंढरपूर म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. बाराशे किलोमीटर, नव्वद तास, १८९१ पासूनची परंपरा आणि आता दर चार वर्षांनी एकदा. शेवटची झाली २०२३ मध्ये, पुढची २०२७ ला. काका म्हणाले, तिथे वेगापेक्षा झोप किती कमी घेता येते हे महत्त्वाचं, आणि ते पन्नाशीनंतर आपोआप जमतं.

पण मला आवडली ती ताईंची गोष्ट. ताई शाळेत गणित शिकवतात. पन्नासावा वाढदिवस जवळ आला तेव्हा त्यांच्या मनात किलोमीटरही नव्हते आणि मैलही. त्यांना सायकलवरून माहेरी जायचं होतं. माहेर साताऱ्याला. पुण्याहून एकशे दहा किलोमीटरच्या आसपास, मध्ये कात्रज आणि खंबाटकी. आईला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तिनं भावाला गाडी घेऊन समोर पाठवलं असतं. पहाटे चारला निघाल्या, सोबतीला ग्रुपमधले दोघं. खंबाटकीत एकदा उतरून सायकल हातात धरून चालल्या, "त्यात लाज कसली!" दुपारी घराची बेल वाजवली. आईनं दार उघडलं, हेल्मेट, गॉगल आणि पॅडवाली चड्डी घातलेल्या बाईकडे बघितलं आणि म्हणाली, "कोण पाहिजे?"

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय, रडलो दोघी. आणि मग ती म्हणाली, आधी कपडे बदल, शेजारचे बघतील."

ताईंनीच मला आणखी एक गोष्ट सांगितली, जी हेल्थच्या पानांवर सहसा कुणी लिहीत नाही. सायकल हृदयाला चांगली, गुडघ्यांवर फार भार टाकत नाही. पण हाडांना तिचा तसा काही उपयोग नाही, कारण शरीराचं वजन सीटवर जातं. त्यामुळे पन्नाशीच्या पुढे नुसती सायकल पुरत नाही. विशेषतः मेनोपॉजनंतर बायकांची हाडं भराभर ठिसूळ होतात. म्हणून ताई आठवड्यातून दोनदा जिममध्ये वजनं उचलतात. मी माझ्या हिंजवडीच्या खुर्चीचा विचार केला आणि विषय बदलला.

गप्पांमध्ये मोठी नावंही येऊन गेली. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ, ज्यांनी २०१५ साली दोघांच्या टीममध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ, ज्यांनी २०१७ मध्ये तीच एकट्यानं पूर्ण केली. आणि ग्रुपचं लाडकं दैवत, फ्रान्सचे रोबेर मार्शां. या आजोबांनी २०१४ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी, एका तासात २६.९२७ किलोमीटर सायकल मारली. १०५ व्या वर्षी परत आले आणि तासात २२.५४७ केले. २०२१ मध्ये १०९ व्या वर्षी गेले. "त्यांच्या हिशोबानं," प्लंबर दादा म्हणाला, "तुझा मामा अजून पाळण्यात आहे."

सायकल परत घरात आली

मामा काही जन्मजात सायकलवेडा नाही. आमच्या घरात खरा सायकलवाला म्हणजे आजोबा. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. रोज सदाशिव पेठ ते खडकी आणि परत, काळी दणकट सायकल, मागे कॅरियरला डबा. तेव्हाचं पुणं म्हणजे सायकलींचं शहर. म्युनिसिपालटीचा बिल्ला नसेल तर दंड, रात्री दिवा नसेल तर दंड, डबलसीट दिसलात तर दंड. आजोबांनी म्हणे आयुष्यात एकदाच दंड भरला, आजीला डबलसीट नेताना.

ते गेले तेव्हा मामा अकरावीत होता. तीच सायकल पुढे त्यानं कॉलेजला आणि नंतर पहिल्या नोकरीला वापरली. मग २००० साली स्कूटर आली आणि सायकल भंगारात गेली. पुढची अठरा वर्षं मामा दुचाकीवर, मग चारचाकीत, आणि पोट त्याच्या पुढे.

२०१८ साली बँकेच्या हेल्थ चेकअपमध्ये सगळे आकडे लाल आले. शुगर बॉर्डरला, बीपी वर, कोलेस्टेरॉल बघवत नाही असं. डॉक्टरांनी घरात कुणाला हार्टचा त्रास होता का विचारलं. मामानं सांगितलं. डॉक्टर थोडा वेळ काही बोलले नाहीत म्हणे. त्या महिन्यात त्यानं सायकल घेतली. किती किमतीची ते मामीला आजही पूर्ण माहीत नाही, आणि माझ्याकडून तरी तिला कळणार नाही.

पन्नाशीच्या राइडआधी आजीच्या आग्रहामुळे टूडी एको आणि ट्रेडमिल टेस्ट झाली. दोन्ही व्यवस्थित. डॉक्टरांनी ढोबळ फॉर्म्युला सांगितला: २२० मधून वय वजा करा, साधारण तेवढी तुमच्या हृदयाची कमाल गती. पन्नाशीला १७०. हा निव्वळ अंदाज असतो, माणसागणिक दहा-बारा ठोके इकडेतिकडे. पण गप्पा मारता येतील अशा बेतानं पॅडल मारलं तर मामाला काळजी नाही, असं ते म्हणाले. माझी कमाल गती निघाली १९३. हा आकडा पुढे कामाला येणार होता.

वय वर्षे ५०, ओव्हरटेक करावे

रविवारी पहाटे साडेपाच. अलका टॉकीजचा चौक इतका मोकळा मी पहिल्यांदाच बघितला. कडाक्याची थंडी, सगळ्यांच्या तोंडातून वाफा. मी मामीच्या गिअरच्या सायकलवर, डोक्याला माकडटोपी आणि त्यावर हेल्मेट. फोटो काढलेत, पण ते छापणार नाही.

ग्रुपनं मामाच्या पाठीवर पुणेरी पाटी लावली होती: 'वय वर्षे ५०. ओव्हरटेक केल्यास अपमान समजला जाणार नाही.'

दांडेकर पूल, सिंहगड रोड, वडगाव, धायरी फाटा. दिवसा जिथे चाळीस मिनिटं फर्स्ट गिअरमध्ये जातात तो रस्ता आम्ही झुपकन पार केला. मला वाटलं, अरे, हे तर सोपंय! मग खडकवासल्याचा तो छोटासा चढ आला. मामाच्या मते तो चढच नाही. माझ्या मते माझं हृदय त्या दिवशी १९३ च्या पुढे जाऊन आलं. पण वर पोचलो तेव्हा उजाडत होतं, धरणाच्या पाण्यावर धुकं बसलेलं होतं, आणि पंधरा माणसं एका ओळीत उभी राहून काही न बोलता तिकडे बघत होती. दोन मिनिटं. मग फौजी काकांची शिट्टी.

डोणज्याच्या पुढे मीटरवर पंचवीस किलोमीटर झाले. फौजी काका थांबले. "किलोमीटरवाले इथून परत फिरू शकतात," म्हणाले, आणि अगदी प्रेमानं माझ्याकडे बघितलं. मी आजीला दिलेला शब्द आठवला. मामा पुढे जाणार म्हणजे मी पुढे जाणार. मनात शिव्या घातल्या आणि पॅडल मारलं.

खानापूर सोडलं की रस्ता सारखा वर-खाली होतो. मी मागे पडत गेले. पण प्रत्येक वेळी मागे वळून बघितलं तर कुणीतरी होतंच. सायकलच्या ग्रुपमध्ये सगळ्यात शेवटी एक जण मुद्दाम राहतो, त्याला स्वीपर म्हणतात. शेवटच्या माणसाच्याही मागे राहायचं, कुणी एकटं पडू द्यायचं नाही, हे त्याचं काम. एरवी हे काम मामाचं असतं. त्या दिवशी तरी त्यानं पुढे जावं म्हणून सगळ्यांनी सांगून बघितलं. हा गडी ऐकेल तर ना! स्वतःच्या पन्नाशीला मामा सगळ्यांत शेवटी होता. माझ्या मागे.

सोनापूरच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. पंक्चर. बाकीचे पुढे निघून गेले होते. मामानं सायकल उलटी केली, चाक काढलं, टायरच्या आतून बोट फिरवत काटा शोधायला लागला. बाभळीचा निघाला. मी रस्त्याच्या कडेला बसून राजगिऱ्याचा लाडू खात होते.

"बाबा किती वर्षांचे होते, माहितेय तुला?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"पन्नास ना?"

"पन्नास वर्षं, चार महिने, नऊ दिवस."

माझा लाडू हातात राहिला.

"त्या दिवशीसुद्धा सायकलवरनंच आले. बोळात स्टँडला लावली, कुलूप घातलं. जेवले. आमटी छान झालीय म्हणाले. रात्री..." एवढं बोलून त्यानं नवीन ट्यूब आत बसवली आणि छोटा पंप मारायला घेतला. पंपाचा आवाज येत राहिला. मी मनातल्या मनात हिशोब केला. तो माझ्याकडे बघत होता.

"१७ एप्रिल," तो म्हणाला. "गुरुवार आहे."

"म्हणजे आज..."

"आज वाढदिवस आहे गं. आज मजा करायची. ऊठ, अकराला गुरुजी आहेत. आणि हे आजीजवळ बोलू नको."

पानशेतला पोचलो तेव्हा ग्रुपचे पोहे खाऊन झाले होते आणि चहाची दुसरी फेरी चालू होती. केक कुणी आणला नव्हता. एका वेलची केळ्यात मेणबत्ती खोचली, वाऱ्यानं ती चार वेळा विझली, पाचव्यांदा मामानंच फुंकली. हॅपी बर्थडे बेसूर झालं. हॉटेलवाल्यानं स्वतःहून एक प्लेट भजी आणून ठेवली. बिल अर्थातच मामानं भरलं, तोही नियम आहे. ज्याचा वाढदिवस त्याचा खिसा. मी धरणाकडे बघत आजीचा विचार करत होते. तिच्या तेराव्या वर्षी याच दिशेनं पाणी आलं होतं.

परतीचं फार लिहीत नाही. वारा समोरून होता. किरकटवाडीजवळ पोटरीत असा गोळा आला की मी रस्त्यातच ओरडले. प्लंबर दादानं पाय सरळ करून दिला आणि लिंबू-मीठ-साखरेची बाटली रिकामी करायला लावली. सिंहगड रोड एव्हाना जागा झाला होता. पाठीवरची पाटी वाचून एक रिक्षावाला म्हणाला, "काका, पन्नास वाटत नाही हो." मामा पुढचे दोन सिग्नल खूश.

बोळातले नऊशे मीटर

सदाशिव पेठेतल्या आमच्या बोळात शिरलो तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. दारात आजी. हातात भाकरतुकडा. मागे गुरुजी, मोबाइल बघत. मी सायकल भिंतीला टेकवली आणि पायरीवरच बसकण मारली.

मामा उतरेना. त्याची नजर हँडलवरच्या जीपीएसवर. "७९.६," तो म्हणाला.

"काय?" आजी.

"ऐंशी पॉइंट सत्तेचाळीस पाहिजेत. पन्नास मैल होत नाहीत." आणि पठ्ठ्यानं सायकल वळवली!

बोळ असेल शंभर मीटरचा. तो टोकापर्यंत जाऊन वळून परत येऊ लागला. सायकलवाल्यांना हा रोगच असतो, आकडा पूर्ण झाल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाहीत. "अरे आठशे-नऊशे मीटरनं काय होतंय!" आजी ओरडली. दुसऱ्या फेरीला समोरच्या गॅलरीतले जोशीकाकू-कुलकर्णीकाका टाइप सगळे बाहेर आले. चौथ्या फेरीला शाळकरी पोरं मागे पळायला लागली. सहाव्या फेरीला गुरुजींनी मोबाइल खिशात ठेवला आणि मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. सात! आठ! आजीचा हात भाकरतुकड्यासकट कमरेवर होता, पण ती त्याच्यावरची नजर काढत नव्हती. नऊ!

माझे ७९.६ च राहिले. मी २७ ची आहे, मला तेवढे लागत नव्हते.

मग अंघोळ, पूजा, होम, सगळं यथासांग. औक्षणासाठी मामीनं कणकेचे पन्नास दिवे केले होते, परातीत गोल मांडून. एवढे दिवे एकदम पेटले की समोर चांगलीच धग लागते. मामी परात घेऊन पुढे आली. मामानं ती तिच्या हातातून घेतली आणि आजीपुढे धरली.

"आधी तू."

मी जन्मल्यापासून आजीनं कुणाला ओवाळलेलं पाहिलेलं नाही. कारण विचारावं लागत नाही. आपल्या घरांमधून ते सगळ्यांना न सांगता माहीत असतं. आजीनं गुरुजींकडे बघितलं. गुरुजी तिशीचे असतील. ते म्हणाले, "आजी, दिवे विझतील. घ्या लवकर." तिनं परात घेतली. हात थरथरत होते, म्हणून मामीनं खालून आधार दिला.

त्यानंतर श्रीखंड-पुरी झाली आणि मी सलग सोळा तास झोपले. सोमवारी ऑफिसात खुर्चीवर बसताना आई गं म्हणाले तेव्हा टीम लीडनं विचारलं, वीकेंडला काय केलंस? मी सांगितलं. त्याचं पहिलं वाक्य होतं, "किलोमीटर का मैल?"

१७ एप्रिल २०२५, गुरुवार. मला मीटिंगमध्ये काही सुचत नव्हतं. साडेनऊला मामाचा मेसेज आला. 'सकाळी वारज्यावरून लांबून आलो. २२ किमी. बँकेत पोचलो.' बस. एवढाच. रात्री साडेदहापर्यंत थांबले आणि आजीला उगाचच फोन केला. काय करतेस, जेवलीस का, औषध घेतलंस का.

"जेवले," आजी म्हणाली. "आमटी केली होती. मामाही जेवला, आता झोपलाय." मग जरा थांबून म्हणाली, "तू कशाला जागी आहेस? मी मोजतेय. उद्या सकाळी त्याला उठवून तुला कळवते."

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला तिचा व्हॉइस मेसेज आला होता. त्यात ती काहीच बोललेली नव्हती. नुसता बोळातला आवाज होता, सायकलच्या घंटीचा, दोनदा.